सेल्माला जाण्याआधी

चि. सुजाता,
सप्रेम जय भीम आणि खूप खूप आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, मार्चच्या पहिल्या रविवारी मैत्रिणींबरोबर तिथल्या, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या सेल्माला जाणार, त्या एडमंड पेटस पुलावरून चालणार. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "दम्याचा पंप घेऊन जा." तू हसलीस आणि पप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला. मग झोप लागेना म्हणून हे लिहायला बसले. पंपाचा विषय आता काढणार नाही.

तू सांगितलंस ते मला पटतं. दरवर्षी तिथे हजारो माणसं जमतात, पुढारी येतात, म्हातारी माणसं व्हीलचेअरवर येतात. महाडला २० मार्चला आपण जातो तसंच ते. काही होणार नाही, हे कळतं. पण मी त्या पुलाबद्दल वाचलंय ना! ७ मार्च १९६५ ला ब्राउन चॅपल चर्चमधून सुमारे ६०० माणसं निघाली. दोघादोघांच्या रांगेत, फुटपाथवरून, अगदी शिस्तीत. मागणी काय, तर मतदार यादीत आम्हा काळ्यांचं नाव घाला. पूल मध्ये उंच आहे, त्यामुळे माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं दिसत नाही. माथ्यावर आल्यावर दिसलं की रस्ताभर पोलीस उभे आहेत, काही घोड्यांवर. दोन मिनिटांत परत फिरा म्हणून सांगितलं आणि तेवढा वेळही दिला नाही. लाठ्या, घोडे, चाबूक आणि अश्रुधूर. अमेलिया बॉइंटन नावाच्या बाई रस्त्यावर बेशुद्ध पडल्या होत्या, तो फोटो तू मला पाठवला होतास.

त्या धुराबद्दल वाचताना मला तू आठवतेस. सरकी-कापसाच्या दिवसांत तुझी छाती भरून यायची, ओठ निळे पडायचे, आणि पप्पा तुला स्कूटरवर पुढे उभी करून दवाखान्यात न्यायचे. मी मागे बसून तुझी पाठ चोळत असायचे. तू आता मोठी झालीस, पब्लिक हेल्थ शिकतेस, दम्याबद्दल मलाच चार गोष्टी सांगशील. तरी पंप बॅगेत तळाशी नको, खिशात ठेव.

बघ, परत तेच लिहिलं.

तुला माहीत नसेल अशी एक गोष्ट सांगते. पुलाच्या त्या रविवारच्या आधी, २२ जानेवारीला, सेल्मातले काळे शिक्षक मोर्चा घेऊन कोर्टाच्या इमारतीवर गेले होते. शंभरावर शिक्षक, पुढे फ्रेडरिक रीझ, तेही शिक्षकच. नोकरी देणारं स्कूल बोर्ड गोऱ्यांचं, म्हणजे मोर्चात गेलं की उद्या घरी बसायची तयारी ठेवूनच जायचं. त्यांनी हातात टूथब्रश धरले होते. तुरुंगात जायची वेळ आली तर आमची तयारी आहे, हे दाखवायला. मी इतकी वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली. बदलीच्या भीतीनं गप्प बसलेली किती माणसं पाहिली, त्यामुळे ते टूथब्रश डोळ्यांसमोरून हलत नाहीत. मतासाठी तिथे काळ्या माणसाची परीक्षा घ्यायचे, राज्यघटनेवर काहीही विचारायचे, आणि पास कोणाला करायचं ते कारकुनाच्या मर्जीवर. मुलांना शिकवणारे शिक्षकही त्यात नापास ठरायचे! आणि आपल्याकडे माझी आजी, अंगठा उठवणारी, पहिल्या निवडणुकीत जाऊन मत देऊन आली. तिला कोणी एक अक्षर विचारलं नाही. बाबासाहेबांनी केवढं काम करून ठेवलंय, हे मला सेल्माबद्दल वाचताना नव्यानं कळलं.

आणि तो जॉन लुईस. त्या दिवशी पुढच्या ओळीत होता, २५ वर्षांचा. पाठीवरच्या पिशवीत दोन पुस्तकं, एक सफरचंद, एक संत्रं आणि दात घासायचं सामान. त्याची कवटी फुटली. पण मला आठवते ती त्याची आई. शेतात राबणारी बाई. मुलगा नॅशव्हिलला कॉलेजात असताना पहिल्यांदा अटक झाला, तेव्हा तिनं त्याला पत्र लिहिलं होतं, की तू शिकायला गेलास, त्या भानगडीतून बाहेर पड. तो काही बाहेर पडला नाही. चाळीसेक वेळा आत गेला, पुढे ३३ वर्षं काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, खासदार होता. २०२० मध्ये त्याची शवपेटी घोड्याच्या गाडीतून त्याच पुलावरून नेली. सगळं जग त्याला मानतं, पण त्या पत्रासाठी मी त्याच्या आईला बोल लावणार नाही. जिमी ली जॅक्सन नावाच्या मुलाला त्याच फेब्रुवारीत गोळी लागली होती. पोलीस आईला मारताना पाहून तो मध्ये पडला होता. त्याच्या जाण्यातूनच तो मोर्चा उभा राहिला. अशी एकेक गोष्ट वाचल्यावर आईनं पत्रात दुसरं काय लिहावं?

मामाचं तुला ठाऊक आहे. १९७९ चा लाँग मार्च, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून दीक्षाभूमीवरून निघालेला, खडकपूर्णेच्या पुलावर अडवला तेव्हा तो तिथे होता. अजून शर्टाची बटणं डाव्या हातानंच लावतो. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मामा घरी आला त्या रात्री आजी त्याला एक शब्द बोलली नाही, नुसतं पाणी तापवत बसली. मी तेव्हा लहान होते, मला वाटलं तिला राग आलाय.

तर सुजाता, चाल. घोषणा दे. पण अगदी पुढच्या ओळीत जाऊ नकोस. पासपोर्टची झेरॉक्स जवळ ठेव, विद्यापीठाचं ओळखपत्र ठेव, कोणाशी हुज्जत घालू नकोस, फोटो टाकण्याआधी दहादा विचार कर, व्हिसावर शिकायला गेलेली पोर आहेस तू. वर्गात सूचना द्याव्यात तसं लिहितेय, राग मानू नकोस. काल मामाला सांगितलं तर तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला. "आपली पोरगी त्या पुलावर?" असं दोनदा म्हणाला. मग गल्लीत सगळ्यांना सांगून आला. पप्पाही कोणाकोणाला फोन करत होते. मला अभिमान वाटत नाही असं समजू नकोस. माझी छाती भरून आली, पण त्यात भीतीही आहे, आणि दोन्ही वेगळी काढता येत नाहीत.

दुपारी तुम्ही मैत्रिणीच्या आजीकडे जेवणार आहात म्हणालीस. त्या ६५ साली तिथेच शाळेत होत्या ना? रिकाम्या हातानं जाऊ नकोस, मी पाठवलेले शेंगदाण्याचे लाडू ने. आणि माझ्यातर्फे एवढं विचार, की त्या दिवशी त्यांच्या आईनं त्यांना जाऊ दिलं होतं, की त्या न सांगता गेल्या होत्या? जाऊ दिलं असेल तर संध्याकाळपर्यंत ती बाई घरात काय करत होती? जे सांगतील ते नीट लिहून पाठव.

तुझी,
आई