तुम्ही मारलेल्या पाचरीबद्दल

लश्कर, ग्वाल्हेर

प्रिय आमा,
सादर नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय. तुम्हाला मराठी येत नाही आणि आम्हाला तुमची बोली. मुलगी हिंदीत सांगेल वाचून. पण आमच्या हिंदीत आभार मानायला गेलं की ते व्यवहारासारखे वाटतात, म्हणून आधी आपल्या भाषेत मोकळं होतो. शिवाय इकडच्या चार लोकांनीही हे वाचावं असं वाटतं, विशेषतः ज्यांची मुलं नोकरीपायी स्पीती, लाहौल, लडाखकडे हिवाळा काढताहेत त्यांनी.

मुलगी, जावई आणि नातवाला तुम्ही स्पीतीत खोली दिलीत, सत्तू दिलंत, पाणी कुठून आणायचं ते दाखवलंत. त्या सगळ्याचे आभार आहेतच. हे पत्र मात्र खिडकीतल्या त्या पाचरीसाठी आहे. वीतभर लांब, इंचभर रुंद आणि अर्धा इंच जाड. विलोच्या लाकडाची, म्हणजे आमच्याकडच्या वाळुंजाच्या जातभाईची. तंदूरशेजारच्या खिडकीची झडप पूर्ण मिटू नये म्हणून तुम्ही ती कोयत्यानं तासून बसवलीत आणि लोकरीच्या दोरीनं चौकटीच्या खिळ्याला बांधलीत. मराठीत 'पाचर मारणं' म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणं. चांगली पाचर मारणारं माणूस आम्हाला पहिल्यांदाच भेटलं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं खुलासेवार लिहितो. तुमच्याकडे तंदूर म्हणजे आमच्या ढाब्यावरची मातीची भट्टी नव्हे. खोलीच्या मधोमध ठेवलेली पत्र्याची बंद शेगडी, तिच्यातून निघून छताबाहेर गेलेला चार इंची पाइप आणि वर सदा उकळणारी किटली. नोव्हेंबर ते मार्च सगळं घर या एका खोलीत येतं. स्वयंपाक, अभ्यास, विणकाम, झोप, सगळं तिथेच. साडेतीन हजार मीटरच्या वर, पारा उणे वीसला गेलेला, कुंझुमची खिंड बंद, आणि खालचा किन्नौरचा रस्ता दरड किंवा हिमकडा कोसळला की तोही बंद. अशा ठिकाणी पहिल्यांदा आलेलं मैदानी माणूस काय करतं? फटी बुजवतं. खिडकीला प्लास्टिक, दाराखाली गोधडी, चौकटीत कापडाच्या चिंध्या. ऊब टिकते. हवा मात्र यायची थांबते.

माझं आयुष्य गिरणीच्या बॉयलरवर गेलं, म्हणून हिशेब मांडतो. एक किलो सुकं लाकूड पुरतं जळायला कागदावर चार-पाच घनमीटर हवा लागते. तुमच्याकडे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे तेवढ्याच कामाला सहा-सात घनमीटर. बारा बाय बाराची, सात फूट उंचीची खोली भरते जेमतेम अठ्ठावीस घनमीटर. चार किलो लाकडं जळली की हिशेबानं खोलीभर हवा खर्ची पडली. प्रत्यक्षात तंदूर याच्या दुपटीनं हवा ओढतो. ती आली नाही तर आग गुदमरते, अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो. पाइप गरम आहे तोवर तो वर ओढला जातो. पहाटे निखारे मंदावले, पाइप गार पडला, छतावरून वाऱ्याचा झोत आला की तोच उलटा खोलीत उतरतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणीही येत नाही.

आणि तुमच्या उंचीवर याचं सोंग बेमालूम वठतं. डोकं दुखणं, मळमळ, पेंग, अंगात त्राण नसणं, ही विरळ हवेचीही लक्षणं. नवा माणूस म्हणतो, उंची लागली, जरा पडतो, आणि त्याच खोलीत दार लावून झोपतो. ओळखायची खूण तुम्हीच मुलीला सांगितलीत : एकाचं डोकं दुखलं तर उंची, घरातल्या सगळ्यांचं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर आल्यावर उतरलं तर तंदूर. लहान मूल आधी मलूल होतं, कारण त्याचा श्वास भराभर चालतो. शंका आली तर विचार करत बसायचं नाही. दार सताड उघडायचं, सगळ्यांनी बाहेर यायचं, थंडीचं नंतर बघू.

आता त्या फटीचं. चार इंची पाइपचं तोंड साडेबारा चौरस इंचांचं. दोन फूट उंचीची झडप अर्धा इंच उघडी राहिली की फट होते बारा चौरस इंचांची. वरखालच्या कोपऱ्यांतून येणारी हवा त्याशिवाय. जेवढं बाहेर जातं जवळपास तेवढंच आत येतं. गिरणीत हे आम्ही नकाशे पसरून ठरवायचो. तुम्ही कोयता घेऊन. वर पाचर अशी की सपाट ठेवली तर फट अर्ध्या इंचाची, कडेवर उभी केली तर एका इंचाची. सकाळी तंदूर पेटवताना उभी, आग धरली की आडवी. खिडकीही निवडून घेतलेली : वाऱ्याच्या तोंडाची नाही आणि अंथरुणांच्या बाजूची नाही. गार हवा थेट तंदूरकडे जावी, झोपलेल्या पोराच्या अंगावरून नको.

आमा, मी फोनवर मुलीला सांगितलं होतं की ते लाकूड काढ आणि खिडकी नीट लाव, मुलाला सर्दी होईल. पाचर उपटणाऱ्या माकडाची गोष्ट आम्ही लहानपणापासून सांगत आलोय. माकड कोण ते या वयात कळलं. तुम्ही ती दोरीनं का बांधलीत तेही कळलं. आमच्यासारखे सल्लागार फोनवर असतात याचा अंदाज तुम्हाला असणार.

सल्लागार तसे पुष्कळ होते. बदलीचा कागद ज्या कार्यालयानं हातात ठेवला त्यांनी सोबत दोन पानी सूचना दिल्या होत्या. 'उबदार कपडे बाळगावेत', 'स्थानिक प्रशासनाशी संपर्क ठेवावा'. दोन पानांत धूर हा शब्द कुठेही नाही. इथल्या एका दुकानदारानं चिमणी नसलेला गॅसचा हीटर विकला. खोली घट्ट बंद ठेवा, दहा मिनिटांत तापते, असं छाती ठोकून सांगितलं. खोली तापते हे खरं, पण ज्वलनाचं जे काही होतं ते सगळं त्याच खोलीत राहतं. सिलिंडर बाहेर ठेवावा तर शून्याखाली त्यातल्या ब्युटेनची वाफ होत नाही आणि ज्योत मान टाकते. आत ठेवला तर चालतो, म्हणूनच घातक. तुम्ही तो पहिल्याच संध्याकाळी उचलून चाऱ्याच्या कोठीत नेऊन ठेवलात, एक अक्षर न बोलता. दुकानदाराला मी नंतर गाठलं. तो म्हणाला, तक्रार घेऊन येणारे तुम्ही पहिलेच. ज्यांच्याकडे तक्रारीचं कारण घडलं ते परत आले नसतील, एवढंच मी म्हणालो.

ग्वाल्हेरवाल्यांनी हे परमुलखातलं म्हणून सोडून देऊ नये. आपल्याकडेही जानेवारीत पारा तीन-चारवर येतो, आणि कोळशाची सिगडी दाराआड घेऊन झोपलेलं कुटुंब सकाळी उठलं नाही ही बातमी उत्तरेत दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येते. सिगडीला तर पाइपही नसतो.

तंदूर राखण्याच्या तुमच्या बाकी रीती मी मुलीकडून लिहून घेतल्या आहेत. राख रोज सकाळी काढायची. शेण्यांची राख लाकडापेक्षा फार, ती साचली की खालून हवा लागत नाही. पेटवण्याआधी मूठभर गवत पाइपच्या तोंडाशी जाळायचं, पाइप कोमट झाला की ओढ धरतो, मग खालची काटकी पेटवायची. लाकूड मनगटाएवढं फोडलेलं आणि आदल्या रात्री तंदूरशेजारी सुकवलेलं. ओलं लाकूड उष्णता स्वतःलाच खातं आणि पाइपात डांबर धरतं. पाइपचे तुकडे जोडताना वरचा तुकडा खालच्याच्या आत. इकडचे मिस्त्री हटकून उलटं करतात. मग काळं पाणी सांध्यातून सतरंजीवर गळतं. आठ-दहा दिवसांनी पाइप उतरवून अंगणात ठोकायचा, आडव्या तुकड्यात काजळी सगळ्यात जास्त. हिमवर्षाव झाला की छतावरचं पाइपचं तोंड आधी मोकळं करायचं, चहा नंतर.

छताचं मात्र मला नवल वाटलं. विलोच्या फांद्या अंथरून त्यावर माती चोपलेलं सपाट छत, आणि त्यावरचा बर्फ लाकडी फावड्यानंच लोटायचा, लोखंडी नाही. लोखंड मातीचा थर खरवडतं आणि ते भोक मार्चमध्ये गळून दाखवतं. बर्फाचा बोटभर थर मुद्दाम ठेवायचा. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शंभर किलोच्या आगेमागे, दबून ओला झाला की तीनशे-चारशे. तीस बाय वीस फुटी छतावर फूटभर ताजा बर्फ म्हणजे पावणेदोन टन. तेवढ्याच जाडीचा दबलेला, पाच टनांच्या वर. म्हणून पहाटे अंधारातच लोटायचा, उन्हाची वाट बघायची नाही. आणि भिंतीच्या पायाशी टाकायचा नाही, वितळलेलं पाणी कच्च्या विटा खाली खाली खात जातं.

पाण्याचं थोडक्यात : नळ गोठतो, झरा वाहतो. भांडं पाऊणच भरायचं, कारण गोठताना पाणी जवळजवळ एक-दशांशानं फुगतं आणि बादलीचं बूड जातं. बर्फ वितळवायचा तर पातेल्यात आधी वाटीभर पाणी, मग थोडाथोडा बर्फ. नुसता बर्फ थेट घातला तर खालचा वितळून वरच्यात शोषला जातो आणि रिकामं बूड करपतं. दहा भांडी ताज्या बर्फाचं एक भांडं पाणी. पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून तूरडाळ उघड्या पातेल्यात दिवसभर ठेवली तरी टणक. रात्री भिजवून कुकर, आणि शिट्ट्या इथल्या दुप्पट. कोरड्या संडासात राख टाकायची, पाणी नाही. हे शेवटचं ऐकून आमच्या घरात दोन दिवस चर्चा चालली होती. मे महिन्यात तेच खत पाठीवरून मटाराच्या शेतात जातं म्हटल्यावर थांबली.

यातलं कुठलंच ज्ञान तुम्ही ज्ञान म्हणून दिलं नाहीत. रोज सकाळी तुम्ही आपल्या छतावरून यांच्या पाइपकडे बघायचात. धूर वेळेवर दिसला नाही की लोखंडी पळीत निखारा घेऊन दारात. पाहुण्यांसाठी असं करतात की गावात सगळे सगळ्यांच्या पाइपकडे बघतात, असं मुलीनं विचारलं तर तुम्हाला प्रश्नच कळला नाही म्हणे. आमच्या गल्लीत समोरच्या घराला तीन दिवस कुलूप का, हे चौथ्या दिवशी दूधवाला सांगतो. सज्जनपणा म्हणजे गोड बोलणं असं आम्ही धरून चाललो होतो. तुमच्याकडे तो सकाळी सात वाजता मान वर करून बघण्यात आहे. बोलणं तसं तुमचं कमीच, आणि मुलगी म्हणते, रागावता पण.

सोबत पार्सल पाठवतोय. तिळाची गजक दोन किलो. तिकडच्या कोरड्या हवेत ती मऊ पडणार नाही, पण गारठून दगड होईल, खाण्याआधी जरा तंदूरजवळ ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचे दोन अलार्म आहेत, एक तुमच्या खोलीला, एक यांच्या. तंदूरपासून दोन-तीन मीटरवर, झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला लावायचे, खिडकीच्या फटीसमोर नाही. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, म्हणून सुटे सेलही ठेवले आहेत. दर आठवड्याला बटण दाबून आवाज येतो का बघा. नातवाला ते काम द्या, त्याला आवडेल.

पाचर तशीच राहू द्या. इथल्या सुताराकडून मागच्या खोलीसाठी मी शिसवीची एक करून घेतली आहे. त्यानं विचारलं, दोरी कशाला? मी म्हटलं, घरात मीच आहे ना.

तुमचे,
लश्करचे आजी-आजोबा