काकांच्या मानेतली गाठ

प्रिय सुहास,

काकांचा आजार प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरचा, मग गाठ मानेत कशी, हा तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. हा कॅन्सर पसरला की बहुधा हाडं आणि ओटीपोटातल्या लसिका ग्रंथी गाठतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष कंबर आणि मणक्यांकडेच लागलेलं असतं. पण ओटीपोटातला लसिका द्रव वर चढून छातीतल्या एका मोठ्या नलिकेत येतो, आणि ती डाव्या कॉलरबोनमागे शिरेला मिळते. काकांची गाठ नेमकी तिथे आली ती बहुधा म्हणूनच. काहींच्या आजाराचा पत्ता तर या गाठीमुळेच लागतो.

२००० साली शवविच्छेदनांवरचा एक मोठा अभ्यास आला. ज्यांचा आजार रक्तावाटे पसरला होता, त्यांच्यापैकी ९० टक्क्यांच्या हाडांत तो सापडला, पण ४६ टक्क्यांच्या फुफ्फुसांत आणि २५ टक्क्यांच्या यकृतातही. मेंदूचं आवरण, डोळ्याची खोबण, वृषण, त्वचा इथे तो क्वचित जातो, पण जातो. काकांना एक आवर्जून विचार: हनुवटी किंवा खालचा ओठ बधिर वाटतो का? जबड्यात किंवा कवटीच्या तळाशी मज्जातंतू दाबला गेला की तसं होतं, आणि दाताचं काहीतरी असेल म्हणून माणसं गप्प बसतात. पायातली ताकद अचानक गेली किंवा लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते रक्तात मोजलं जाणारं प्रथिन, कमी आला म्हणून निर्धास्त राहू नकोस. हार्मोनचे उपचार बराच काळ चालले की काही पेशी रूप पालटतात, पीएसए बनवणं जवळपास सोडून देतात, आणि असा आजार यकृतात जास्त दिसतो.

बायोप्सी टाळू नका, ही माझी कळकळीची विनंती. मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली अशा स्लाइड्स बघतो. अशा गाठीत टीबी निघू शकतो, लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) किंवा पोटाचा कॅन्सरही, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. पेशी प्रोस्टेटच्या असतील तर एनकेएक्स ३.१ या प्रथिनाचा शोध घेणाऱ्या रंगतपासणीत बहुधा त्यांची केंद्रकं तपकिरी रंगतात. शिवाय बीआरसीए या डीएनए-दुरुस्तीच्या जनुकात दोष सापडला तर ओलापॅरिबसारख्या औषधाचा विचार करता येतो. म्हणून उरलेला ऊतीचा ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) जपून ठेवायला सांग.

काकूंना धीर दे. बायोप्सीची तारीख ठरली की लगेच कळव, आणि रिपोर्ट पूर्ण पाठव, नुसता शेवटचा निष्कर्ष नको.

तुझाच,
अनिल