उरेब ओळखणाऱ्या काकूंना

काकू, नमस्कार.

हे तुम्हाला सूनबाई वाचून दाखवतील. जाहीर लिहायचं कारण एवढंच, की ज्या चुकीतून तुम्ही मला सोडवलंत ती करणारी मी एकटी नसणार.

भाचीच्या बाळासाठी क्विल्ट शिवत होते. आईच्या सुती साड्यांचे ९ इंची १३ ठोकळे म्हणजे चौकोनी तुकडे, शंकरपाळ्यांसारखे तिरके मांडलेले. अशा मांडणीत चारी कडांना दाते पडतात आणि ते भरायला त्रिकोण लागतात, बाजूंना ८ आणि कोपऱ्यांना ४. आजीच्या गोधडीत असला हिशोबच नसायचा, कापड अपुरं पडेल तिथे ठिगळ. मी मात्र मरून पॉपलीनचे १० इंची ४ चौकोन एकेकदा तिरके कापले, ८ त्रिकोण केले, जोडून टाकले. जमिनीवर पसरलं तर कडा भाजलेल्या पापडासारख्या! इस्त्री फिरवली, तशा त्या आणखीच पसरल्या.

तुमच्या मशीनवर तेव्हा कुणाचा तरी लग्नातला ब्लाउज होता. तुम्ही तो बाजूला सारलात, माझी कड दोन्ही हातांत धरून एकदाच ताणलीत. "अगं, सगळी कड उरेबात आलीय. ताणणारच की!" उरेब म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका काप.

आयुष्यात एकही क्विल्ट न शिवलेल्या बाईने दोन सेकंदांत सांगितलं. मग वर्तमानपत्राचा चौकोन दोन्ही कर्णांवर कापलात. त्या चार त्रिकोणांची लांब बाजू म्हणजे चौकोनाचीच कड, सरळ धाग्यावरची. ती बाहेर ठेवायची. उरेब बाजू ठोकळ्याला शिवली की बांधली जाते. कोपऱ्याच्या त्रिकोणांचं उलटं, तिथे आखूड बाजू बाहेर येतात, म्हणून चौकोन एकदाच कापायचा. माप मी घरी काढलं: ९ गुणिले १.४१४, त्यात सव्वा इंच माया. म्हणजे १४ इंची २ चौकोन. कोपऱ्यांना सव्वासात इंची २ पुरले.

आठही त्रिकोण उसवायला तुम्ही मदतीला बसलात. शिवताना मी त्रिकोण मधोमध धरत होते, तेव्हा हातावर चापट मारलीत. काटकोन ठोकळ्याच्या कोपऱ्याला तंतोतंत लावायचा, टोकदार शेपूट खुशाल बाहेर लोंबू दे, नंतर छाटू. शेवटी कडा सरळ करतानाही पट्टी ठोकळ्याच्या टोकाबाहेर पाव इंच धरायला लावलीत, नाहीतर गोटात टोकं गडप झाली असती.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. उसवलेले त्रिकोण तेवढे माझ्या हातून ओढून घेतलेत, "गळ्याला उरेबच लागतं" म्हणत.

परवा देवळात तुमच्या शेजारणीच्या ब्लाउजला मरून पायपिंग दिसलं. आठांतले किती उरलेत, काकू?

तुमची,
वरच्या मजल्यावरची