थंडीतली मरगळ घालवायला नांदूरमधमेश्वर

संपादक महोदय,

डिसेंबर लागला की हिवाळी सहलींच्या याद्या छापून येतात आणि त्यांत महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा ही नावे ठरलेली असतात. नाताळ ते ३१ डिसेंबर या दिवसांत घाटातल्या गाड्यांच्या रांगेतच निम्मी सुट्टी संपते. शिवाय थंडीत मन का मरगळते, याचा विचार या याद्यांत नसतो. या दिवसांत उशिरा उजाडते, उजाडले तरी दारे-खिडक्या बंद असतात आणि पुढचा सगळा दिवस ट्यूबलाइटखाली जातो. शरीराचे घड्याळ मात्र सकाळच्या उघड्यावरच्या उजेडाने लागते. म्हणून माणसाला पहाटे घराबाहेर काढणारी जागा निवडावी. नाशिक जिल्ह्यातले नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्य तशी जागा आहे.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या या जुन्या बंधाऱ्यात गाळ साचून पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, पाणवनस्पती माजल्या आणि पक्ष्यांना हेच हवे असते. जानेवारी २०२० मध्ये हे महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. नाशिकहून अंतर साधारण ४० किलोमीटर, निफाड रेल्वे स्थानकापासून १२. चापडगाव आणि खानगाव थडी येथे निरीक्षण मनोरे आहेत.

लोकांचे चुकते ते वेळेत. नाश्ता उरकून अकराला पोहोचणाऱ्यांना लांबवर काळे ठिपके दिसतात आणि ‘इथे काहीच नाही’ म्हणून ते परततात. बदके रात्री आणि भल्या पहाटे चरतात, ऊन चढले की पाण्याच्या मध्यावर जाऊन झोपतात. त्यात तापलेल्या हवेची थरथर दुर्बिणीतून चित्र फोडते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सर्वांत लहान असला, तरी सूर्य सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, नाशिककडे सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. त्यामुळे साडेपाचला नाशिक सोडले तरी फटफटायच्या आत पाण्यावर पोहोचता येते. पहिले दोन तास खरे. सूर्य पाठीशी घेऊन, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उभे राहावे. उन्हाकडे पाहिले तर सगळेच पक्षी काळे.

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरे. त्याहून जास्त शक्तीची हातात हलते आणि थंडीने बोटे आखडलेली असताना अधिकच हलते. लांबच्या बदकांसाठी स्थानिक गाइडकडच्या स्पॉटिंग स्कोपचा, म्हणजे तिपाईवरच्या छोट्या दुर्बिणीचा, उपयोग होतो. या मुलांना कोणत्या आठवड्यात क्रौंच कुठे उतरतात हे ठाऊक असते, तेव्हा त्यांना सोबत घ्यावेच. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी, चमचा हे बहुधा भेटतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब दिसणे हा नशिबाचा भाग. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून गेला की झोपलेला सगळा थवा एकदम उठतो. तो क्षण चुकवू नये, तेव्हा डोळा कॅमेऱ्यावरून काढून नुसते पाहावे. गाडीच्या उबेतून काढलेल्या लेन्सवर लगेच दव धरते असे नाही, पण पहाटेच्या थंडीतून परत गाडीत नेली की धरते. आधी ती पिशवीत बंद करावी.

कपड्यांबाबत निफाडची थंडी गंभीरपणे घ्यावी. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते, जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि जड गार हवा सखल खोऱ्यात साचते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या आपण छापताच. तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. एका जाड स्वेटरपेक्षा तीन पातळ थर बरे, नऊनंतर एकेक काढता येतात. कानटोपी आणि जाड मोजे विसरू नयेत. बांधावरच्या गवतातले दव कापडी बुटांत झिरपते आणि पाय गार पडले की माणूस अर्ध्या तासात परत फिरतो. लाल-पांढरे कपडे, अत्तर, स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवावेत.

दुपार मोकळी राहते. नगरकडे जाणाऱ्यांनी हुरडा गाठावा. कणीस दाणा दुधाळ असतानाच, गोवऱ्यांच्या आगटीत भाजून लगेच हातावर चोळलेले हवे. गार झाल्यावर चव जाते. संक्रांतीला येवल्याची पतंगबाजी भोगी ते कर अशी तीन दिवस चालते. तिथे जाणाऱ्यांनी सुती दोराच घ्यावा. नायलॉन मांज्यावर बंदी असूनही तो झाडांवर लटकत राहतो आणि महिनाभर पक्ष्यांचे पंख कापतो.

दमा किंवा सांधेदुखी असलेल्या ज्येष्ठांना मात्र ही पहाट सोसणार नाही. त्यांना दिवेआगर, गुहागर बरे. समुद्रामुळे तिथे पारा एवढा घसरत नाही आणि सकाळी किनाऱ्यावर चालायला उजेडही मिळतो. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप-भूक बिघडली, तर सहलीवर विसंबू नये, डॉक्टरांना भेटावे.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. पक्षी दिसणे पाण्याच्या पातळीवर फार अवलंबून असते. बंधारा काठोकाठ भरला की उथळ चिखल बुडतो आणि शेकाट्या, तुतवार हे चिखलात चरणारे पक्षी पांगतात. कालव्याला आवर्तन, म्हणजे सिंचनाच्या पाण्याची पाळी, सुटून पातळी उतरली की तेच पुन्हा काठाशी येतात. आवर्तनाच्या तारखा जिल्हा पानावर शेतकऱ्यांसाठी छापल्या जातातच. डिसेंबर ते फेब्रुवारी त्या सहलीच्या पुरवणीतही सूर्योदयाच्या वेळेसह द्याव्यात.

– एक पक्षीनिरीक्षक वाचक, नाशिक