वागवून घेणे : लेकीस पत्र

प्रिय लेकीस,

प्रभू येशूच्या नावात अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. आजीने औषधाचे चौथ्यांदा विचारले तेव्हा तू तिच्या हातातली डबी ओढून घेतलीस, मग ती दिवसभर गप्प राहिली, आणि "मी स्वतःला ख्रिस्ती म्हणवते, पण माझ्यात एवढासाही धीर नाही" असे तू लिहिले आहेस. हे वाक्य माझ्याही हातून लिहिले गेले असते.

तू पाच वर्षांची असताना शाळेचा सदरा स्वतः घालायचा हट्ट धरायचीस. एका सकाळी दुसरे बटण तिसऱ्या काजात अडकले होते आणि जिभेचे टोक दातांत धरून तू ते सोडवत होतीस. मी घड्याळाकडे पाहिले, तुझे हात बाजूला सारले आणि भराभर सगळी बटणे लावून टाकली. तू हात खाली सोडून उभी राहिलीस. पुढे कित्येक दिवस सदरा घेऊन तू मुकाट्याने माझ्यासमोर येत होतीस, आणि काम लवकर उरकते म्हणून मला त्यात काही वावगेही वाटले नाही. आज वाटते.

बायबलातल्या निर्गमाच्या ३४ व्या अध्यायात देव मोशेला आपली ओळख सांगताना स्वतःला 'मंदक्रोध', म्हणजे सावकाश रागावणारा, म्हणवतो. मूळ इब्री शब्दांचा शब्दशः अर्थ 'लांब नाकाचा' असा होतो, कारण त्या भाषेत नाक आणि राग यांना एकच शब्द आहे. राग नाकावर असतो असे आपणही म्हणतोच. देवाचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला नसतो, त्याला तिथवर पोहोचायला फार वेळ लागतो, आणि त्या वेळातच आपण सारे जगत आलो आहोत.

म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला तो दास मला विसरता येत नाही. त्याचे देणे १०,००० तालांतांचे होते. एक तालांत म्हणजे सुमारे ६,००० दीनार आणि एक दीनार ही मजुराची दिवसभराची मजुरी, तेव्हा ते देणे कितीही जन्मांत फिटणारे नव्हते. तरी तो पाया पडून एवढेच मागतो की, मला वागवून घ्या, म्हणजे माझ्याशी धीराने वागा, मी सगळे फेडीन. धन्याने मुदत तर दिलीच नाही, सारे देणेच सोडून दिले. बाहेर पडताच त्याला १०० दीनारांचा ऋणको भेटतो, हा त्याचा गळा धरतो, तोही तीच विनवणी करतो, आणि हा त्याला तुरुंगात टाकतो. ग्रीक शुभवर्तमानात या 'वागवून घेण्यासाठी' जे क्रियापद आहे, त्याच्याच मुळापासून पौलाच्या गलतीकरांस पत्रातल्या पवित्र आत्म्याच्या फळांपैकी 'सहनशीलता' हा शब्द आला आहे. धीर म्हणजे नुसती वाट पाहणे असे मी बरीच वर्षे समजत होते. आता मला तो आपल्याला मिळालेली मुदत पुढच्या माणसाला देणे असा दिसतो, आणि आजीचा चौथा प्रश्न त्या १०० दीनारांइतकाच आहे.

अन्याय मुकाट गिळणे मात्र यात येत नाही. चपराक बसल्यावर प्रभूने शांतपणे विचारले होते, मला का मारतोस?

तू स्वतःवर चिडली आहेस, तेही थोडे सोड. याकोबाने आपल्या पत्रात धीरासाठी शेतकऱ्याचे उदाहरण दिले आहे, तो पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी थांबतो. पौलाने सहनशीलतेला फळ म्हटले आहे, आणि फळ ओढून पिकत नाही. कार्थेजच्या तर्तुल्यान या ख्रिस्ती लेखकाने सुमारे १,८०० वर्षांपूर्वी धीरावर लिहिताना कबूल केले होते की, आजारी माणूस आरोग्याचे गुण गातो तसे माझे झाले आहे. त्याच्या पंगतीत मीही आहे. राग नाकाशी आला की मी एक श्वास पूर्ण सोडते आणि 'प्रभो, तू मला वागवून घेतलेस' एवढेच मनात म्हणते. दहांतून चार वेळा जमते.

उद्या आजीची क्षमा माग, आणि डबी तिच्या हातात परत दे. झाकण घट्ट आहे, तिला वेळ लागेल. तू शेजारी बसून राहा.

तुझी
आई