तुर्भ्याच्या अंगणवाडीतल्या बाईंना

बाई,
सप्रेम नमस्कार.

२०१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातलं गाव सोडून आम्ही तुर्भ्याला आलो. वडील बिगारी कामावर, आई मार्केटात कांदे निवडायला. रेशनकार्ड होतं, पण ते गावच्या दुकानाचं. इथे त्याचा उपयोग नव्हता. तांदूळ विकत, सरपण विकत, पाणीसुद्धा विकत. तरी उपाशी कधी झोपलो नाही. म्हणूनच आमच्याकडे काही कमी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं.

धाकट्याच्या दंडाला तुम्ही टेप गुंडाळली. साडेबारा सेंटिमीटरच्या आत, पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे मध्यम कुपोषण. आईला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही एवढंच विचारलंत, "काल सकाळपासून यानं काय काय खाल्लं?" चहा-पाव. भात. रात्री पुन्हा भात, ठेच्याबरोबर. मग तुम्ही विचारलंत, "आणि गावाकडे काय खायचात?"

आई बोलतच राहिली. बांधावरची घोळ, तांदुळजा, दारचा शेवगा, शेळीचं दूध, कोंबडीची अंडी. यातल्या कशालाच कधी पैसे मोजले नव्हते. गाव सुटलं आणि हे सगळं एकदमच ताटातून गेलं. मजुरीचा हिशेब मांडताना ते कुणी धरलंच नव्हतं, आम्हीही नाही.

धाकट्याचं नाव तुम्ही त्याच दिवशी घातलंत. पत्त्याचा पुरावा मागितला नाहीत. भातात मूठभर मसूर टाका, चहा-पाव बंद करा, त्या पैशात एक अंडं येतं, मार्केट उठताना पालेभाजी स्वस्त मिळते, हे सगळं आईला पटेपर्यंत सांगत राहिलात. आणि एक दिवस विचारलंत, "तुम्ही काय खाल्लंत?" आई उरलंसुरलं खायची, कधी तेही नाही. तिला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

आता मी समाजकार्य शिकतेय. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांबद्दल वाचलं. तिथे अन्नासाठी माणशी महिन्याला मिळणारी १२ डॉलरची मदत २०२३ मध्ये आधी १० आणि मग ८ डॉलरवर आली. अशा वेळी घरात भात टिकतो. मासे, अंडी, भाजी सुटते, मग आया स्वतःचा घास कमी करतात. त्या रोहिंग्यांना म्यानमारमधून मारून हाकललं होतं. आम्हाला निदान परत जायला गाव होतं, तेव्हा बरोबरी करत नाही. पण त्या ताटातला भात मी ओळखला.

कार्ड आता कुठल्याही दुकानात चालतं, हेही आईला तुम्हीच सांगितलंत. अंगठा लावला की माणशी ५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून फुकट. मोठाच आधार आहे. पण ते तांदूळ आणि गहूच. डाळ, भाजी, अंडं अजून मजुरीतूनच आणावं लागतं.

धाकटा नववीत आहे. कबड्डी खेळतो.

बाई, या सगळ्यासाठी मनापासून आभार. आणि एक विनंती. आमच्या गल्लीत यंदा मराठवाड्यातून नवी घरं आली आहेत. त्यांच्यासाठी मी प्रश्नावली करतेय. पहिला प्रश्न तुमचाच घेतलाय. पुढचे तुम्ही एकदा तपासून द्याल का? रविवारी आईला घेऊन येते.

तुमची,
धाकट्याची ताई