चांडाळचौकडी पुन्हा पाण्यात उतरवायची आहे : आजी-माजी सभासद आणि हितचिंतकांना आवाहन

स. न. वि. वि.

हे पत्र गणपतीआधी निघायला हवे होते. पण ऑगस्टमधल्या पुराच्या त्या रात्रीनंतर बोटघरातला गाळ काढणे, तराफ्याचे वाहून गेलेले ड्रम पुलाच्या खांबाला अडकलेत का ते पाहत फिरणे, मध्येच हिशेबतपासणी, असे सगळे एकदमच अंगावर आले. चिटणीस एकच आहे आणि तो नोकरीही करतो. उशीर झाला, क्षमस्व.

मुद्दा आधी सांगतो. चौकडी, म्हणजे चौघांनी वल्हवायची आपली मोठी बोट, फुटली आहे.

धरणातून पाणी सोडल्याचा निरोप रात्री साडेअकराला आला. आपले बोटघरातले मामा, त्यांचा मुलगा आणि वस्तीतली चार पोरे धावली. सिंगल आणि डबल (एकेरी आणि दुहेरी) बोटी वरच्या फळीवर चढवल्या. एकेरी बोट चौदा-पंधरा किलोची असते, दोघे सहज उचलतात. चौकडी पन्नास किलोच्या पुढे आणि बारा-तेरा मीटर लांब, तिला सहा माणसे लागतात आणि वळवायला जागाही. ती खालीच राहिली. पाणी कमरेपर्यंत आले तेव्हा ती आपोआप तरंगू लागली आणि रात्रभर नाकाने शटरवर धडका देत राहिली. सकाळी मामांनी हात धरून मला नेले आणि माझा तळवा तिच्या पोटावर ठेवला. दीड हात लांब चीर. कातडीखालचा मधमाशांच्या पोळ्यासारखा थर भिजून लगद्यासारखा झालेला. वल्ही अडकवायचे दोन रिगर वाकलेले, सरकत्या सीटच्या रुळांत वाळू. मामा काही बोलले नाहीत. फडक्याने नाक तेवढे पुसले तिचे.

नव्या मंडळींसाठी थोडे मागचे. आपल्या पाच संस्थापकांपैकी तिघे अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवर घडलेले. तो क्लब १९२८चा, आणि त्यांचा रेगाटा, म्हणजे नौकांचा सोहळा, पुणेकरांच्या ओळखीचा. नोकऱ्या लागल्यावरही या तिघांचे हात शिवशिवत, म्हणून एक जुनी लाकडी बोट, चार वल्ही आणि पत्र्याची शेड एवढ्यावर आपले दुकान सुरू झाले. त्या लाकडी बोटीला दर खांडेनवमीला हळद-कुंकू लागते, अजूनही. शेडच्या जागी पक्के बोटघर झाले ते दोन भगिनींमुळे. त्यांची नावे लिहायची नाहीत असा त्यांचा दम आहे, पण जुने सभासद ओळखतीलच. वडिलांच्या वर्षश्राद्धाला जेवणावळ न घालता त्यांनी ती रक्कम आपल्याला दिली आणि वर विचारले, ‘एवढ्यात भागेल ना?’ भागले नाही, तेव्हा धाकटीने पाटल्या मोडल्या. ही गोष्ट त्यांना न विचारता लिहितो आहे, रागावल्या तर माझ्यावर रागावू देत. कॅम्पातल्या बेकरीवाल्या शेठनी पंधरा वर्षे रविवारच्या सरावानंतर ब्रून-मस्का फुकट खाऊ घातला. कोणत्याच ताळेबंदात तो बसत नाही, पण आपल्या निम्म्या पोरांचे दंड त्यावरच पोसलेत. आणि मामा. त्यांच्या वडिलांची या पात्रात मासेमारी होती. मासे गेले, मामा आपल्याकडे आले. पाण्याचा नुसता रंग पाहून ते सांगतात, आज उतरायचे की नाही. यंत्र नंतर तेच सांगते.

आता चौकडीकडे. चौकडीत माणसे पाच, कारण कॉक्स, म्हणजे वाट पाहून बोट वळवणारा आणि हुकूम देणारा. पण तिचे नाव चांडाळचौकडी पडले ते तिच्यात बसणाऱ्यांमुळे.

स्ट्रोकला, म्हणजे लय ठरवणाऱ्या सीटवर, आजी. वय एकसष्ट, अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी चालायला सांगितले, या नदीकाठाने चालल्या आणि तिसऱ्या दिवशी बोटघरात शिरल्या. बोटीची लय त्यांच्या हातात असते. त्या मिनिटाला बावीस फटक्यांच्या वर जात नाहीत आणि कोणी घाई केली तर वल्हे न थांबवता झापतात. त्यांच्या मागे तीन नंबरला आपले बँकवाले दादा, जन्मतः दृष्टिहीन. पहिल्या दिवशी आम्हीच घाबरलो होतो. ते हसून म्हणाले, ‘अहो, तुम्ही सगळे पाठ पुढे करून बसता. कुठे चाललोय ते एकट्या कॉक्सला दिसतं. मग मी वेगळा कुठे?’ आजींच्या सीटची चाके रुळावर गडगडली की त्यांना कळते, कॅच आला, वल्हे पाण्यात टाकायचे. चौघांत सर्वांत कमी क्रॅब (वल्हे पाण्यात अडकणे) त्यांना लागतात, हे लिहून ठेवतो. दोन नंबरला वस्तीतली ताई. आई चार घरची धुणीभांडी करते. ही पोहताही येत नसताना आली होती, आता पोलीस भरतीची तयारी करते आहे आणि अर्गवर, म्हणजे वल्हवायच्या व्यायामयंत्रावर, भल्याभल्यांना रडवते. ‘बो’ला, म्हणजे नाकाकडच्या सीटवर, मणिपूरहून शिकायला आलेला मुलगा. मराठी येत नव्हते, आता ‘अरे बाबा, सरळ ठेव’ एवढे फार सुंदर म्हणतो. आणि कॉक्स तेरा वर्षांची, पस्तीस किलो, आवाज मात्र संगमापर्यंत. तिने ‘ईझी ऑल’ म्हटले की काठावरचे सायकलवालेसुद्धा थांबतात.

ही पाच जणे एरवी एका बाकावरही बसली नसती. त्यातल्या दोघांच्या घरी आपण लग्नपत्रिका देताना दहादा विचार केला असता, स्पष्टच लिहितो.

कोणी म्हणेल, हौस आहे, चालू द्या. एका कंपनीत देणगी मागायला गेलो तर साहेबांनी विचारले, ‘यात ऑलिंपिकला कोण गेलंय?’ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ गेला. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा, दगड फोडणारा मुलगा. २०१२मध्ये सैन्यात भरती झाला, आणि वल्हे हातात आले तेव्हा पाण्याची भीती वाटत होती. चार वर्षांत, २०१६ला रिओमध्ये एकेरीत तेरावा. तिकडे तो शर्यती काढत होता तेव्हा त्याची आई इकडे इस्पितळात बेशुद्ध होती. २०१८च्या आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम फेरीत अंगात ताप, बोट जवळजवळ थांबलीच, आणि दुसऱ्या दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंगबरोबर चौघांच्या स्कलमध्ये (प्रत्येकाच्या हातात दोन वल्ही) सुवर्णपदक. साहेबांना हे सगळे सांगितले. त्यांनी चहा पाजला.

आंध्रच्या नारायण कोंगनपल्लेंचे तर आपल्याला जवळून अप्रूप. २०१५ला जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगस्फोटात पाय गेला आणि मग याच पुण्यात ते पॅरारोइंगकडे वळले. राजस्थानच्या अनितांबरोबर हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य, २०२४ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये आठवा क्रमांक. त्यांच्या बातम्या वाचूनच यंदा आपल्याकडे दोन व्हीलचेअरवाले तरुण चौकशीला आले. पाय आणि कंबर ज्यांना वापरता येत नाही त्यांना पाठ असलेली स्थिर सीट लागते, छातीला पट्टा लागतो आणि बोट कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना तरंगते फ्लोट. आपल्याकडे यातले काहीच नाही. ‘पुढच्या महिन्यात या’ असे मी त्यांना तीनदा सांगितले आहे. चौथ्यांदा फोन उचलवत नाही.

तीन वर्षांपूर्वीही एक आवाहन काढले होते. चारशे प्रती, वर व्हॉट्सअॅप. पैसे आले अकरा जणांकडून. अंगठे मात्र भरपूर आले. अंगठ्याने फायबरची चीर बुजत नाही, हे तेव्हाच लिहायला हवे होते. ज्यांची मुले इथे पोहायला, वल्हवायला शिकली आणि आज परदेशातून नदीकाठच्या सूर्योदयाचे जुने फोटो टाकतात, त्यांनी रागावू नये. पण वाईट वाटले होते. नदीच्या अवस्थेबद्दलही पुष्कळजण आम्हालाच पत्रे लिहितात. आमचे काम बोट चालवायचे, बोट दाखवायचे नाही. वर्गणी भरून लिहिलेत तर जास्त आवडेल.

घाई का, तर थंडी सरली की जलपर्णी पात्र झाकते आणि वल्हे पाण्यात न पडता पानांवर पडते. मोकळे पाणी दिवाळीपासून संक्रांतीच्या थोडे पुढेपर्यंत. फायबरचा कारागीर कोजागरीनंतरचा आठवडा द्यायला तयार आहे, पण निम्मी रक्कम आगाऊ.

हिशेब : चौकडीची दुरुस्ती, रिगर व रूळ ९५,०००, स्थिर सीट, पट्टे व फ्लोट ६०,०००, चार वल्ही (वापरलेली, कार्बनची) ८०,०००, तराफ्याचे ड्रम व दोर ४०,०००, लाइफ जॅकेट २५,०००. एकूण रु. ३,००,०००. शिल्लक ६८,५००. कमी पडतात २,३१,५००. खाते क्रमांक सूचनाफलकावर व पावतीपुस्तकाच्या मागे आहे. रोख फक्त खजिनदारांकडे, सकाळी ६ ते ८, बोटघरात. मामांकडे देऊ नये, ते नाही म्हणत नाहीत आणि मग हिशेब लागत नाही. पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. ८०जीची (प्राप्तिकरातली) सवलत आपल्याला नाही, वारंवार विचारू नये. वस्तुरूप मदत (दोर, ताडपत्री, ड्रम) आधी फोन करून. आयुष्य-सभासदांनी थकलेली बोटघर-वर्गणी याच वेळी भरल्यास उत्तम, यादी लावलेली आहे.

खांडेनवमीला सकाळी सात वाजता वल्ह्यांची पूजा आहे. लाकडी बोटीशेजारी या वेळी चौकडीही ठेवणार आहोत, चीर न झाकता. यावे, पाहावे.

आपला,
चिटणीस

ता. क. आजींनी हे पत्र वाचून ‘मिनिटाला बावीस’ खोडून ‘चोवीस’ केले होते. मी पुन्हा बावीस केले आहे.